खरात मॅडमचं बीपी

खरात मॅडमना हळू बोलता येत नसे. कुणाच्या मयतीला गेल्या तरी त्यांचं सांत्वन गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. भोकरदनहून जाफराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर आत वळलं की आमचं गाव, आणि गावात शिरायच्या आधी त्यांचा आवाज. पाहुणे शाळेचा पत्ता विचारत नसत, कान देत.

मी बदली होऊन त्या शाळेत आले तेव्हा त्या मुख्याध्यापिका होत्या. पहिल्या दिवशी मला सोडायला माझे मिस्टर आले होते. ते नम्रपणे म्हणाले, "मॅडम, ज्योतीला जरा सांभाळून घ्या. तिला खेड्याची सवय नाही."

"कोण म्हणतं?"

"मीच म्हणतोय ना."

"नोकरी तुमची आहे का तिची? तिला बोलू द्या."

मी म्हणाले, "होईल सवय."

"झालं मंग. तुम्ही या आता," त्या मिस्टरांना म्हणाल्या आणि माझ्या हातात दुसरीचं हजेरीपत्रक ठेवलं.

'कोण म्हणतं?' हा त्यांचा नेहमीचा प्रश्न होता. उद्या पाऊस आहे म्हणे. कोण म्हणतं? साहेब तपासणीला येणार आहेत. कोण म्हणतं? त्या उद्धटपणे विचारत नसत, त्यांना खरंच जाणून घ्यायचं असे. सांगणाऱ्याला उत्तर देता आलं नाही की ती बातमी त्यांच्या दृष्टीने संपली.

उंच, काटक बाई. नऊवारी नेसणाऱ्या आईची लेक, पण स्वतः सुती पाचवारीखाली पोरांसारखे कॅनव्हासचे बूट घालायच्या. स्कूटीवर बसताना भर उन्हाळ्यातही हेल्मेट. लग्न केलं नव्हतं. वडील, म्हणजे त्यांचे दादा, गेले तेव्हा धाकटा भाऊ सिद्धार्थ अगदी लहान होता. त्याला वाढवता वाढवता आपलं राहून गेलं, असं त्यांची आई म्हणे. मॅडम म्हणायच्या, "राहून गेलं न्हाई, मी राहू दिलं."

आणि खारट खायचं वेड. डब्यात भाकरी, ठेचा, वर लोणच्याची फोड. टेबलाच्या खणात मिठाची पुडी. बोरं, कैऱ्या, काकडी, गावातून पोरं जे आणून देतील ते त्या मिठात बुडवून खायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. तेवढ्यापुरती शाळेत शांतता.

त्यांचं बीपी सापडलं ते निवडणुकीमुळे.

निवडणुकीची ड्युटी लागली की आम्हा शिक्षकांचे आजार वर येतात. आमच्या शाळेतले शेळके सर दर निवडणुकीला बीपीचे पेशंट व्हायचे. एरवी तब्येत ठणठणीत, पण ड्युटीचा आदेश आला की कपाळाला रुमाल बांधून बसायचे. त्या वर्षी प्रशिक्षणाच्या ठिकाणीच व्हरांड्यात टेबल टाकून एक डॉक्टर बसवले होते. ज्यांना ड्युटी रद्द हवी, त्यांची तिथंच तपासणी. शेळके सर रांगेत उभे राहिले तशा मॅडम त्यांच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही कशाला, मॅडम?"

"तुमचं बीपी कसं दिसतं ते बघायला. एवढी वर्षं नुसतं ऐकूनच आहे."

डॉक्टर तरुण होते, सय्यद आडनावाचे. त्यांनी सरांच्या दंडाला पट्टा बांधला, मोजलं आणि म्हणाले, "एकदम छान आहे, सर. ड्युटी करा." व्हरांडाभर हशा पिकला. त्यात सगळ्यात मोठा आवाज कुणाचा, हे सांगायला नको.

"आता माझं मोजा," मॅडम खुर्चीत बसत म्हणाल्या. "पन्नाशी उलटलेली बाई आहे मी. माझं बघा अन् यांना दाखवा."

डॉक्टर हसतच मोजू लागले. मग त्यांचं हसू थांबलं. त्यांनी पट्टा सोडला, दुसऱ्या दंडाला बांधला, पुन्हा मोजलं.

"मॅडम, जरा पाठ टेकून बसा. पाय खाली सरळ ठेवा. पाच मिनिटं अजिबात बोलू नका, मग परत मोजतो."

"पाच मिनिटं?"

"बोलू नका म्हणालो."

खरात मॅडम पाच मिनिटं गप्प बसणार, ही बातमी आत हॉलमध्ये पोचली आणि निम्मे शिक्षक दारात येऊन उभे राहिले. त्या गप्प बसल्या. नाकपुड्या फुलत होत्या, पण बसल्या. डॉक्टरांनी परत मोजलं. वरचं एकशे अठ्ठ्याऐंशी, खालचं एकशे बारा.

"मशीन बिघडलंय," त्या म्हणाल्या.

"आत्ताच सरांचं मोजलं की यावर. डोकं दुखतं? छातीत काही? धाप लागते? दिसायला अंधुक?"

"काही न्हाई. घोड्यासारखी आहे मी."

"बहुतेकांना काहीच होत नसतं, मॅडम. म्हणून तर कळत नाही." त्यांनी ड्युटी रद्द करायचा कागद पुढे ओढला. तशा मॅडम ताडकन उभ्या राहिल्या.

"यांची झाली न्हाई अन् माझी रद्द? लिहून तर बघा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. उद्याच ग्रामीण रुग्णालयात या, लघवी आणि रक्त तपासू, हृदयाचा ईसीजी काढू, एवढ्या आकड्यावर तुम्हाला तसंच सोडणार नाही, असं ते बजावत राहिले. मॅडम तोवर स्कूटीपाशी पोचल्या होत्या. मी मागे बसले. त्या चौकातल्या मेडिकलवर थांबल्या आणि तिथल्या मशीनवर मोजायला लावलं. मग एका खाजगी दवाखान्यात. संध्याकाळी जाफराबादला ओळखीच्या डॉक्टरकडे. तिन्ही ठिकाणी तेच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिन्ही चिठ्ठ्या सय्यद डॉक्टरांच्या टेबलावर आपटल्या. "हे घ्या. तुम्ही सगळे मिळालेले आहात."

डॉक्टरांनी चिठ्ठ्या नीट वाचल्या. "तुम्ही माझंच काम केलंत. एकदा मोजून कुणाला जन्माचं औषध लावायचं नसतं, चार वेळा बघायचं असतं. आता चार ठिकाणी बघितलं. मला सांगा, भांडण माझ्याशी करायचंय का बीपीशी?"

"दोघांशी करते. वेळ आहे माझ्याकडं."

आणि त्यांनी ते खरोखर केलं. पहिल्या गोळीने पाय सुजले, तर शाळा सुटल्यावर तशाच सुजल्या पायांनी दवाखान्यात जाऊन उभ्या राहिल्या. "बघा तुमच्या गोळीनं काय केलं." डॉक्टर म्हणाले, "आलात हे फार बरं केलं. लोक सांगत नाहीत, गोळी बंद करून घरी बसतात." त्यांनी गोळी बदलून दिली. सूज उतरली. मॅडम मला म्हणाल्या, "पोरगं हुशार आहे. पण तोंडावर म्हणायचं न्हाई."

खणातली मिठाची पुडी त्यांनी स्वतः नेऊन खिचडीच्या खोलीत दिली. डब्यात बिनमिठाचा ठेचा यायला लागला. तो खाताना त्यांचा चेहरा बघवत नसे.

"नका खाऊ मग," मी म्हणायची.

"खाते की. बघू कोण हरतं."

सकाळी प्रार्थना संपली की त्या व्हरांड्याच्या पायरीवर उभ्या राहूनच गोळी घ्यायच्या, सगळ्या शाळेसमोर. आमच्याकडे गोळी लपवून खातात. सुनेला कळू नये, सोयऱ्यांना कळू नये, पोरीचं लग्न ठरेपर्यंत तर शेजारच्यालाही कळू नये. एकदा एका पोराची आजी कुंपणाबाहेरून म्हणाली, "मॅडम, लई बिमार हायेत का?"

"बिमार न्हाई, मावशी. बीपी आहे, अन् गोळी खाते म्हणून बिमार न्हाई. तुमचं मोजलंय का कधी?"

आजी पदर सावरून निघून गेली. पण त्या आठवड्यात ती एकटीच दवाखान्याच्या रांगेत दिसली, असं खिचडी शिजवणाऱ्या शांताबाई सांगत होत्या.

आकडा खाली आला. आला तशी मॅडमना खुमखुमी आली. एकशे तीसच्या घरात आहे, मग गोळी कशाला? गोळी आहे म्हणून तर एवढं आहे, असं डॉक्टर म्हणाले. कोण म्हणतं, असं त्यांनी विचारलं नाही, पण ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्यांनी घरी मशीन आणलं, कुणाला न सांगता गोळी थांबवली आणि रोज मोजत राहिल्या. आकडा एकेका पायरीने वर चढला. एक दिवस त्या येऊन मला म्हणाल्या, "बराबर होतं त्याचं. चालू केली परत." मग डॉक्टरांनाही जाऊन सांगितलं. ते फार चिडले. मॅडम ऐकून घेत उभ्या राहिल्या. त्यांना कुणी बोलतंय आणि त्या ऐकतायत, असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सिद्धार्थ जालन्याला एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये होता. लालभडक सळई जिथून सटकत येते, त्या गरम लाईनवर. दणकट, हसरा माणूस. बहिणीच्या आवाजाची नक्कल करून तिच्याच घरात हशा पिकवायचा. एका रविवारी तो आलेला असताना मॅडमनी त्याच्या दंडाला पट्टा बांधला. त्याचा आकडा त्यांच्या पहिल्या आकड्यापेक्षा वर होता.

"ताई, तू शाळेत मोज पोरांची उंची," तो हसला.

त्यांनी त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं. गोळ्या लिहून आणल्या, घेऊन दिल्या. त्याने त्या कपाटात ठेवल्या. पुढच्या खेपेला मॅडमनी त्याच्या घरी जाऊन कपाट उघडलं, तर पाकीट जसंच्या तसं.

"मिलमध्ये कळलं तर गरम लाईनीवरून काढतील, ताई. तिथंच तर जास्तीचे पैसे भेटतात. अन् मला होतंय काय? काहीच न्हाई."

"मलाबी काहीच होत नव्हतं!"

त्या ओरडल्या, रडल्या, त्याच्या बायकोला मध्ये घातलं, अबोला धरला. त्याने हसण्यावारी नेलं. सगळ्या जगाशी भांडून जिंकणारी ही बाई त्या एका माणसापुढे हरत होती, आणि शाळेत त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या काकांच्या नातीचं बारसं होतं. शाळेचा सगळा स्टाफ गेला होता. बुद्धवंदना झाली, नाव ठेवलं, पंगत बसली. सिद्धार्थ वरणाची बादली घेऊन वाढत होता. माझ्यासमोर आला आणि डाव त्याच्या हातातून सुटला. त्याने उचलायला हात पुढे केला, तो हात उचललाच गेला नाही. काहीतरी बोलला, पण जीभ जड झाल्यासारखे शब्द सांडले. तोंड एका बाजूला ओढलं होतं. मग तो आहे तिथंच खाली बसला.

"लकवा! लकवा मारला!" कुणीतरी ओरडलं.

काका घरातले मोठे. पांढरं धोतर, पिळदार मिशा; त्यांच्या शब्दाबाहेर त्या घरात कुणी गेलेलं नव्हतं. त्यांनी लगेच जीप बोलावली. बुलढाण्याच्या बाजूला एका गावात लकव्यावर पाला चोळून देतात, तिकडे न्यायचं, असा त्यांचा हुकूम होता. चौघांनी सिद्धार्थला उचललं. जीपचं इंजिन सुरू झालं आणि मॅडम जीपच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही तळवे बॉनेटवर.

"बाजूला हो, विमल."

"न्हाई."

"टाइम घालवू नको. जल्दी न्यायचंय त्याला."

"जल्दीच न्यायचंय. जालन्याला. जिथं मेंदूचा फोटो काढतात तिथं."

"दवाखान्यात लकवा बरा व्हत न्हाई. सगळ्या दुनियेला माहीत हाय."

"कोण म्हणतं?" मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता, आणि त्याने सगळे थबकले. "दादांना तिथंच नेलं होतं, काका. तुम्हीच नेलं होतं. मी बाजूला बसले होते. पाला चोळला, नारळ दिला, घरी आणलं. मंग दादा खाटेवरून उठलेच न्हाईत. त्यांचं अंग मी पुसत होते, दहावीचं पुस्तक मांडीवर घेऊन."

"तवा तू लेकरू होतीस. तुला काय कळत होतं?"

"तवा न्हाई कळलं. आता कळतं."

"घरातला मोठा मी हाय!"

"मोठे आहात तर माझ्या अंगावरून न्या जीप. ह्याला मी तिकडं जाऊ देणार न्हाई."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. काकांचा चेहरा लाल झाला होता. एका क्षणी वाटलं, ते हात उचलतात की काय. एवढ्यात मागून हॉर्न वाजला. शेळके सरांनी आपली गाडी वळवून मांडवाच्या तोंडाशी आणून लावली होती. "मॅडम, बसवा इकडं," ते म्हणाले. एवढंच.

मी पुढे बसले, मॅडम मागे सिद्धार्थचं डोकं मांडीवर घेऊन. त्यांनी सय्यद डॉक्टरांना फोन लावला. "माझी बीपीची गोळी पर्समध्ये आहे. देऊ का त्याला?"

फोनमधला आवाज मलाही ऐकू आला. "काही देऊ नका. पाणीसुद्धा नको, घशात अडकेल. हे कधी सुरू झालं ती वेळ लक्षात ठेवा, तिथं पहिलं तेच विचारतील. कुठं थांबू नका. मी जालन्याला फोन करून ठेवतो."

रस्ताभर मॅडम त्याच्यावर ओरडत होत्या. "डोळे उघड. माझ्याकडं बघ. तुला सांगितलं होतं का न्हाई? सांगितलं होतं ना? बघ माझ्याकडं, सिद्धू." मध्येच आवाज फाटायचा, मग त्या पुन्हा नव्याने सुरू करायच्या. शेळके सर गाडी चालवत होते आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं.

दवाखान्यात फोटो काढला. रक्तस्राव नव्हता, गुठळी होती. वेळेत आणलं, म्हणून ती विरघळवायचं इंजेक्शन देता येईल, असं तिथले डॉक्टर म्हणाले. त्यातही धोका असतो, सही करा. मॅडमनी वाचून, दोन प्रश्न विचारून सही केली.

सिद्धार्थ वाचला. बोलणं हळूहळू नीट झालं. उजवा हात आणि उजवा पाय मात्र पूर्वीसारखा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले, हातात डबा. मॅडम बाकड्यावर बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा दिली. काका बसले. डबा त्यांनी दोघांच्या मध्ये ठेवला. मग काका म्हणाले, "भाकरी आणलीय. खाऊन घे." मॅडमनी डबा उघडला आणि खाल्लं. आदल्या दिवसाबद्दल त्या दोघांत पुढे कधी काही बोलणं झालं, असं मला वाटत नाही.

त्याच दिवशी जिन्यात त्या मला म्हणाल्या, "लोक म्हणतील, विमलनं भाऊ वाचवला. मी हरलेय, ज्योती. त्या कपाटातलं पाकीट मी बघितलं होतं. तेव्हाच त्याच्या मिलच्या गेटपुढं आडवी पडायला पाहिजे होते. जीपपुढं उभं राहणं सोपं होतं." मी काहीतरी समजुतीचं बोलले असेन. त्यांनी ऐकलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मॅडम निवृत्त झाल्या आणि भावाजवळ राहायला जालन्याला गेल्या. माझीही बदली झाली. त्यानंतर त्या मला एकदाच भेटल्या. मी जालन्याला कामासाठी गेले होते. त्या म्हणाल्या, "चल आमच्याबरोबर. सिद्धूच्या मिलवर जायचंय." सिद्धार्थला बसून करायचं काम मागायचं होतं. मिलवाले फोनवर 'बघू' म्हणून टाळत होते.

गेटवर वॉचमन म्हणाला, "साहेब मीटिंगमध्ये हायेत. उद्या या."

"आम्ही बसतो," मॅडम म्हणाल्या आणि बसल्या.

पाळी सुटायची वेळ झाली. माणसं बाहेर पडू लागली, मोटरसायकली सुरू होऊ लागल्या. सिद्धार्थ दिसल्यावर एकेक जण थांबला. "जयभीम, सिद्धूभाऊ! कसा हायेस?" त्याचा धड हात त्यांनी हातात घेतला. घोळका जमला. त्यातल्या एकाने आवाज खाली आणून विचारलं, "काय झाल्तं रं नेमकं?"

मॅडमनी बोलायला तोंड उघडलं. पण सिद्धार्थच बोलला, वॉचमनला आणि आतल्या ऑफिसलाही ऐकू जाईल अशा आवाजात.

"बीपी होतं. मला माहीत होतं. गोळी खाल्ली न्हाई, तुम्हाला कळंल म्हणून लपवलं. तुमच्यातबी असतील. मोजून घ्या."

एकाने गळ्यातला गमछा काढून तोंड पुसलं. एक जाडजूड गृहस्थ मोटरसायकल बंद करून तसाच बसून राहिला. मॅडम भावाकडे बघत होत्या, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं.

मग आतून निरोप आला, साहेबांनी बोलावलंय. त्याला वजनकाट्याच्या केबिनमध्ये काम मिळालं, हे मला पुढे फोनवर कळलं. माझ्या बसची वेळ झाली होती म्हणून मी आत गेले नाही. ती दोघं आत निघाली. उतारावर मॅडमनी त्याच्या कोपराकडे हात नेला. सिद्धार्थने 'नको' म्हणून मान हलवली. त्यांनी हात मागे घेतला, पदराखाली धरून ठेवला आणि त्याच्या पावलाला पाऊल जुळवत, थोडं मागे राहून, त्या गप्प चालत गेल्या.